मुक्त परवान्याचा फाँट, पण सोर्स फॉर्मच्या मागे: पॅकेज कसं करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. एका संस्थेने देवनागरी फाँट ओएफएल या फाँटसाठीच्या मुक्त परवान्याखाली दिला आहे. तो घ्यायचा तर नाव आणि मोबाइल नंबर भरून फॉर्म पाठवावा लागतो, मग ई-मेलवर लिंक येते आणि ती दुसऱ्या दिवशी चालत नाही. झिपच्या नावात आवृत्ती नाही आणि आत फाँट फक्त वापरायला तयार अशा टीटीएफ रूपात आहे. फाँटसोबत जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम आहे. त्याचा सोर्स (मूळ कोड) गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात उघडा आहे, पण रेपो (सगळ्या इतिहासासकटचा साठा) अवाढव्य आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात मोबाइल हॉटस्पॉटवर क्लोन, म्हणजे त्याची प्रत उतरवणं, दरवेळी अर्ध्यात तुटतो. दोन्हींचं डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज करायचं आहे. शेवटी विचारलंय: "झिप मी हाताने डाउनलोड करून ठेवली आहे. तीच मूळ टारबॉल म्हणून चढवली तर चालेल का?"

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो. चालेल, फक्त ती आधी टार स्वरूपात बांधावी लागेल. डेबियनमध्ये मूळ सोर्सची टारबॉल (टारमध्ये बांधलेली फाइल) एकदा आर्काइव्हमध्ये, म्हणजे वितरणाच्या साठ्यात, गेली की वापरणाऱ्याला अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ निर्मात्याच्या, साइटवर जावंच लागत नाही. बिल्ड करणारी, म्हणजे सोर्सपासून पॅकेज बांधणारी, यंत्रंही तिथे जात नाहीत. त्यामुळे एक चांगली प्रत तुमच्या हातात असेल तर तांत्रिकदृष्ट्या काम भागतं. पण पॅकेज करणाऱ्याची जबाबदारी तेवढ्यावर संपत नाही. ही फाइल कुठून आली, कधी आली, तिच्यात आपण काय बदललं, हे उद्या तुम्ही नसताना तिसऱ्या माणसाला सांगता आलं पाहिजे आणि शक्य असेल तर स्वतः पुन्हा करून बघता आलं पाहिजे. सोर्स सहज मिळतो तिथे हे काम आपोआप होऊन जातं, कारण पत्ताच पुरेसा असतो. सोर्स अवघड जागी असतो तिथे ते लिहून ठेवावं लागतं. तुमचं खरं काम ते आहे.

हे मी एका जुन्या अनुभवावरून सांगतोय. काही वर्षांपूर्वी भाषेसंबंधी एका साधनाचं पॅकेज मी दुसऱ्याकडून सांभाळायला घेतलं. कॉपीराइट फाइलमध्ये सोर्सच्या रकान्यात फक्त "लेखकाकडून मिळाला" एवढंच होतं. अपस्ट्रीमच्या पानावर त्याच नावाची झिप होती. दोन्ही उघडून ताडून पाहिल्या तर तीन फाइली वेगळ्या निघाल्या आणि त्यातल्या एकीच्या डोक्यावरची परवान्याची ओळ बदललेली होती. आधीच्या माणसाने बदल केला, की संस्थेने नाव न बदलता नवी झिप ठेवली, हे कळायला मार्गच नव्हता. संस्थेत ज्यांना माहीत होतं ते निवृत्त झालेले. शेवटी एका जुन्या सीडीवर मूळ प्रत सापडली म्हणून सुटलो. त्यात सहा आठवडे गेले. आधीच्या माणसाने पाच ओळी लिहून ठेवल्या असत्या तर ते वाचले असते.

आता परवान्याकडे बघू, कारण फॉर्म दिसला की लोक तिथेच बिचकतात. डाउनलोडच्या आधी फॉर्म आहे म्हणून सॉफ्टवेअर मुक्त नाही असं होत नाही. मुक्त परवाना तुम्हाला प्रत मिळाल्यानंतरचे हक्क देतो. ती प्रत साऱ्या जगाला एका क्लिकवर मिळाली पाहिजे असं जीपीएल हा प्रसिद्ध मुक्त परवानाही म्हणत नाही, ओएफएलही नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तर बायनरीसोबत (चालवायला तयार प्रोग्रॅमसोबत) सोर्स न देता, किमान ३ वर्षं वैध असा लेखी देकार देण्याचीही सोय आहे. २०२३च्या जूनमध्ये रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स सार्वजनिक गिटवर ठेवणं थांबवून तो ग्राहकांच्या पोर्टलपुरता ठेवला, तेव्हा मोठा वाद झाला. त्याच सोर्सवर उभ्या असलेल्या रॉकी आणि अल्मा या वितरणांना आपापली वाट बदलावी लागली. त्या वादात नीती, विश्वास, सगळं होतं, पण "फक्त ग्राहकाला सोर्स देणं" एवढीच गोष्ट घेतली तर ती जीपीएलला मोडणारी नाही. तुमच्या बाबतीतही तसंच आहे. फॉर्म भरून तुम्ही झिप घेतलीत, आत ओएफएलचा मजकूर आहे, म्हणजे पुढे वाटण्याचा हक्क तुमच्याकडे आहे.

पण एक गोष्ट नक्की तपासा. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरांत "केवळ वैयक्तिक वापरासाठी" असं काही लिहिलेलं असतं का? आपल्याकडच्या संस्थांच्या साइटवर हे वाक्य सर्रास दिसतं, कारण कुणीतरी जुन्या पानावरून अटी उचलून चिकटवलेल्या असतात. झिपमध्ये ओएफएल आणि पानावर ही अट, अशी विसंगती असेल तर आपल्या मनाने निर्णय घेऊ नका. विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि तो ई-मेल कॉपीराइट फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवा. फाँटच्या पोटातही बघा. टीटीएफच्या नावांच्या तक्त्यात १३ क्रमांकाच्या नोंदीत परवान्याचा मजकूर असतो, १४ मध्ये त्याचा पत्ता. फाँटटूल्स या संचातल्या टीटीएक्स या साधनाने तो तक्ता वाचता येतो. झिपमधली मजकुराची फाइल ओएफएल म्हणते आणि १३ क्रमांक "सर्व हक्क सुरक्षित" म्हणतो, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय. नवी पॅकेजं तपासणारे डेबियनचे एफटीपी-मास्टर हे पकडतात आणि पकडायलाच हवं.

ओएफएलमध्ये राखीव नावाचंही कलम आहे. लेखकाने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फाँटला तेच नाव देता येत नाही. त्यामुळे आतला एखादा ग्लिफ (अक्षराचा आकार) "जाता जाता" दुरुस्त करू नका.

झिप हातात आली की ती खरोखर झिप आहे का ते आधी बघा. हे बाळबोध वाटेल, पण लिंकची मुदत संपली की बरेच सर्व्हर चूक न दाखवता नीट २०० (सगळं ठीक) असं उत्तर देतात आणि फाइलऐवजी लॉगिनचं पान पाठवतात. फाइलचं नाव झिप, आकार ४ केबी, आणि ‘फाइल’ ही आज्ञा सांगते "एचटीएमएल डॉक्युमेंट". आजकाल बॉट अडवणारी पानंही अशीच मधे येतात. मग आतल्या सगळ्या फाइली नीट सुटतात का ते तपासा, एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा आणि तारखेसकट लिहून ठेवा. दोन दिवसांनी पुन्हा फॉर्म भरून पुन्हा डाउनलोड करा. हॅश तोच आला तर फाइल स्थिर आहे. वेगळा आला तर दोन्ही उघडून फरक बघा. काही ठिकाणी सर्व्हर दरवेळी नव्याने झिप बांधतो, तेव्हा मजकूर तोच राहून हॅश बदलतो. काही ठिकाणी मात्र खरंच मजकूर बदललेला असतो.

दुसरा आधार म्हणजे बाकीची वितरणं. हाच फाँट किंवा प्रोग्रॅम आधी कुणी पॅकेज केलाय का ते रेपॉलॉजी या सगळ्या वितरणांतली पॅकेजं दाखवणाऱ्या साइटवर शोधा. फेडोराच्या ‘सोर्सेस’ फाइलमध्ये एसएचए-५१२ हॅश असतो, जेंटूच्या मॅनिफेस्टमध्ये ब्लेक-२बी आणि एसएचए-५१२, फ्रीबीएसडीच्या डिस्टइन्फोमध्ये एसएचए-२५६. तीन अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या फाइलचा हॅश तुमच्याशी जुळला तर ती फाइल वाटेत कुणी बदललेली नाही असं बऱ्यापैकी धरता येतं. सर्व्हरचं प्रमाणपत्र संपलंय म्हणून तपासणी बंद करून डाउनलोड करावं लागलं, तर ही पडताळणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. या वितरणांचे स्वतःचे सोर्सचे साठेही असतात. फेडोराचा लुकअसाइड कॅश, फ्रीबीएसडीचा डिस्टकॅश, जेंटूचे मिरर. मूळ साइट बंद असताना फाइल नेमकी तिथेच सापडते.

झिप उघडल्यावर काय दिसेल ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. वरचं एकच फोल्डर नसेल, सगळं उघड्यावर सांडेल. सोबत मॅकने घातलेलं ‘मॅकओएसएक्स’ नावाचं फोल्डर, एखादं थंब्ज डीबी, आणि "नवीन फोल्डर (२)". फाइलींची नावं देवनागरीत असतील आणि झिप करणाऱ्या प्रोग्रॅमने युटीएफ-८ची खूण लावलेली नसेल, तर नावांच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं येतील. तेव्हा साध्या अनझिपऐवजी ‘अनआर’ वापरा. ते नावांचं एन्कोडिंग ओळखायचा प्रयत्न करतं. डेबियनला सोर्स टार स्वरूपातच लागतो, झिप चालत नाही, म्हणजे नव्याने बांधणं आलंच. नको त्या फाइली हाताने पुसू नका. कॉपीराइट फाइलमध्ये ‘फाइल्स-एक्सक्लूडेड’ असा रकाना असतो, तिथे त्यांची नावं लिहा. मग ‘एमके-ओरिगटारजीझेड’ किंवा यूस्कॅन हे डेबियनचं साधन स्वतःच त्या वगळून टार बांधतं. कचरा म्हणून वगळलं असेल तर आवृत्तीला ‘+डीएस’ जोडा, परवाना मुक्त नाही म्हणून वगळलं असेल तर ‘+डीएफएसजी’ (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांचं लघुरूप). वाचणाऱ्याला त्या दोन-चार अक्षरांवरूनच कारण कळतं.

आवृत्ती कुठून आणायची? आधी फाँटलाच विचारा. ‘एफसी-क्वेरी’ चालवलं की फाँटव्हर्जनसमोर एक मोठा आकडा येतो, उदाहरणार्थ १३१०७२. त्याला ६५५३६ ने भागा. उत्तर २ आलं, म्हणजे फाँट स्वतःला २.० म्हणवतोय. नावांच्या तक्त्यातल्या ५ क्रमांकाच्या नोंदीतही आवृत्ती शब्दांत असते. दोन्ही जुळत असतील आणि संस्था दर वेळी तो आकडा वाढवत असेल तर तोच वापरा. तसं नसेल, आकडा वर्षानुवर्षं १.० वरच अडकलेला असेल, तर तारीख घ्यावी लागेल. इथे एक चूक फार महाग पडते. थेट ‘२०२४०११५’ अशी आवृत्ती देऊ नका. उद्या संस्थेने शहाणपणाने १.१ काढली तर ती त्या मोठ्या आकड्याहून लहान ठरेल, आणि मग आवृत्तीपुढे इपॉक (तुलनेत सगळ्यात आधी धरला जाणारा आकडा) लावावा लागेल. इपॉक एकदा लागला की त्या पॅकेजवरून कधीच निघत नाही. त्याऐवजी ‘०~२०२४०११५’ लिहा. तिल्देमुळे ही आवृत्ती साध्या ० च्याही आधी लागते, त्यामुळे पुढे ०.१ आली तरी ती मोठीच ठरते.

आणि फाँटचा सोर्स म्हणजे काय, हेही विचारून घ्या. झिपमध्ये फाँट फक्त टीटीएफ रूपात आहे असं तुम्ही लिहिलंय. डिझायनर रोज ज्यात काम करतो ती फाइल ग्लिफ्स या प्रोग्रॅमची असेल, यूएफओ स्वरूपात असेल किंवा फाँटफोर्जची एसएफडी असेल. डेबियनच्या दृष्टीने बदल करायला सोयीचं जे रूप, तो सोर्स. ते मिळवणं हे तुमच्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात मोलाचं फळ असेल. लोहित या भारतीय लिप्यांच्या फाँटचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मूळ आराखडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटने ते मुक्त केले, २०११ साली परवाना जीपीएलवरून ओएफएलवर आला, आणि सोबत एसएफडी फाइली मिळत राहिल्या. त्यामुळे कुणालाही जोडाक्षरांचे नियम उघडून दुरुस्त करता आले. लोहितचं घर तेव्हा फेडोराहोस्टेड या सोर्स ठेवण्याच्या सेवेवर होतं. ती सेवा १ मार्च २०१७ रोजी बंद झाली आणि प्रकल्प पॅगुर या दुसऱ्या सेवेवर गेला. ज्या पॅकेजांत जुनाच पत्ता राहिला असेल तिथे नवी आवृत्ती शोधणारं यंत्र त्या दिवसापासून गप्प बसलं.

ते यंत्र म्हणजे डेबियन फोल्डरमधली वॉच फाइल. यूस्कॅन ती वाचतं, पान उघडतं, आवृत्तीच्या साच्यात बसणाऱ्या लिंका शोधतं आणि सगळ्यात नवी उचलतं. पान साधं असेल तर ही दोन ओळींची गोष्ट आहे. पण २०२२ मध्ये गिटहब या गिट रेपो ठेवणाऱ्या साइटने रिलीजच्या पानावर फाइलींची यादी मागाहून जावास्क्रिप्टने भरायला सुरुवात केली आणि असंख्य वॉच फाइली एका झटक्यात आंधळ्या झाल्या. उपाय दोन होते. टॅगचं (आवृत्त्यांच्या खुणांचं) पान बघायचं, नाहीतर गिटहबच्या एपीआयचा (प्रोग्रॅमनी माहिती घेण्याच्या वाटेचा) पत्ता देऊन शोधाची पद्धत ‘प्लेन’ ठेवायची, म्हणजे लिंक न शोधता सरळ मजकुरात शोध होतो. सोर्सफोर्ज या तशाच साइटसाठी डेबियनने स्वतःचं मधलं पान ठेवलंय, ते वापरा.

एसक्यूलाइट या डेटाबेसचं डाउनलोडचं पान मला फार आवडतं. त्यांच्या फाइलच्या पत्त्यात वर्षाचं फोल्डर असतं आणि आवृत्ती सलग आकड्यांत: ३.४५.१ चं नाव ‘३४५०१००’, फोल्डर २०२४. यंत्राला हे अवघड जाणार हे त्यांनी ओळखलं आणि डाउनलोडच्या पानाच्या एचटीएमएलमध्ये, माणसाला न दिसणाऱ्या टिप्पणीत, एक छोटा तक्ता ठेवला: वस्तू, आवृत्ती, पत्ता, आकार, हॅश. स्वल्पविरामांनी वेगळा केलेला, स्क्रिप्टने वाचावा म्हणून. कुणी अनोळखी पॅकेजवाला येईल आणि त्याला हे लागेल, इतका विचार त्यात आहे. संस्थेला पत्र लिहाल तेव्हा हे उदाहरण जरूर द्या.

तुमच्या फॉर्मपुढे यूस्कॅन काही करू शकणार नाही. मग वॉच फाइल रिकामी सोडू नका. तिच्यात फक्त टिप्पणी लिहा: फॉर्म कुठे आहे, लिंक का टिकत नाही, शेवटचं कधी तपासलं. फॉर्म आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहायचा मोह होईल. नका लिहू. त्यात कुणाचा तरी मोबाइल नंबर जाणार, संस्थेच्या नोंदी खोट्या होणार, आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढला की स्क्रिप्ट मेली. जुन्या पॅकेजांत नियमांच्या फाइलमध्ये ‘गेट-ओरिग-सोर्स’ असं लक्ष्य (मूळ सोर्स आणून देणारी आज्ञा) असायचं. डेबियनच्या धोरणाच्या ४.१.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ते काढून टाकलंय. आता फाइल मिळाल्यानंतरच्या पायऱ्या, म्हणजे उघडणं, वगळणं, पुन्हा बांधणं, एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि मिळवण्याची हकीकत पॅकेजमधल्या ‘रीडमी सोर्स’ या फाइलमध्ये साध्या वाक्यांत लिहा. स्क्रिप्टमध्ये टार बांधताना नावं क्रमाने लावा, फाइलींची वेळ एकच ठेवा, मालक शून्य ठेवा. म्हणजे त्याच झिपपासून कुणीही, कधीही बांधलं तरी टार बाइटन् बाइट तीच येते.

जेंटूत यासाठी ‘फेच’ निर्बंध असतो. पॅकेज म्हणतं, "ही फाइल तुम्हीच आणा आणि अमुक फोल्डरमध्ये ठेवा." निक्स या पॅकेज व्यवस्थेत ‘रिक्वायर-फाइल’ तेच करतं. ती सोय वितरणाचा हक्क नसलेल्या गोष्टींसाठी आहे. तुमच्याकडे हक्क आहे, तेव्हा वापरणाऱ्याला फॉर्मपाशी पाठवण्याचं कारण नाही.

आता रत्नागिरी आणि हॉटस्पॉट. गिट क्लोन मधे तुटला तर जिथे तुटला तिथून पुढे सुरू होत नाही. पुन्हा पहिल्यापासून. २ जीबीचा रेपो असा दहा वेळा ओढलात तर रोजचा डेटा संपेल आणि हाती काही लागणार नाही. पॅकेजसाठी सगळा इतिहास लागत नाही. ज्या टॅगचं पॅकेज करायचं तो टॅग आणि ‘डेप्थ’ १ (इतिहासातली फक्त शेवटची नोंद) देऊन क्लोन करा, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. इतिहास हवा पण जुन्या फाइलींचा मजकूर नको, असं असेल तर ‘ब्लॉब-नन’ हा फिल्टर लावा. तरीही तुटत असेल तर माझी खात्रीची पद्धत सांगतो. चांगलं इंटरनेट असलेल्या कुठल्याही दूरच्या यंत्रावर, मित्राच्या सर्व्हरवर किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर, पूर्ण क्लोन करा. तिथे ‘गिट बंडल’ने सगळ्या रेपोची एकच फाइल बनवा. ती फाइल मात्र तुटली तरी जिथे थांबली तिथून पुढे घेता येते, डब्ल्यूगेटच्या ‘कंटिन्यू’ने किंवा आरसिंकच्या ‘पार्शल’ने. गावात रात्री लाइट गेली तरी सकाळी उरलेली येते. बंडलमधून क्लोन करा आणि मग रिमोटचा पत्ता बदलून खऱ्या रेपोचा द्या. पुढचे बदल काही केबींचे असतात, ते हॉटस्पॉटवर आरामात येतात.

"मग गिटहबवरची तयार टारबॉलच का नको?" घ्या, पण आत काय आलंय ते बघून. गिटहब आपोआप बनवतं त्या टारबॉलमध्ये सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे रेपो) येत नाहीत, तिथे रिकामी फोल्डरं असतात. एलएफएसमध्ये (गिटच्या वेगळ्या साठ्यात) ठेवलेल्या मोठ्या फाइलींच्या जागी अनेकदा तीन ओळींची चिठ्ठी येते: आवृत्ती, हॅश, आकार. फाँटच्या चाचणीचा डेटा म्हणून १३० बाइटांची ‘टीटीएफ’ दिसली तर ती हीच. प्रोग्रॅम आपली आवृत्ती गिटच्या टॅगवरून काढत असेल तर टारबॉलमध्ये ते गिटच नसतं, आणि बिल्ड तिथे अडतं. शिवाय हॅश. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबने गिटची नवी आवृत्ती चढवली. तिच्यात जीझिपचं (फाइल दाबून लहान करण्याचं) काम बाहेरच्या प्रोग्रॅमऐवजी गिट स्वतः करू लागलं. मजकूर तोच, पण दाबलेल्या फाइलचे बाइट बदलले. हॅश तपासणारी बिल्डं जगभर एकाच दिवशी पडली आणि काही तासांत गिटहबला बदल मागे घ्यावा लागला. म्हणून हॅश तुमच्याकडच्या प्रतीचा लिहा आणि ती प्रत जपा.

याच्या उलट बाजूही आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने एक्सझेड युटिल्स या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घुसवलेला चोरदरवाजा उघड केला. तो सुरू करणारी ‘बिल्ड-टू-होस्ट’ ही बिल्डच्या तयारीची एम-४ फाइल गिटमध्ये तशी नव्हती, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. त्यानंतर मी रिलीजची टारबॉल आणि गिटचा टॅग दोन्ही घेतो आणि फरक नजरेखालून घालतो. सोर्स दुर्मिळ असेल तेव्हा कुठल्यातरी ड्राइव्हच्या लिंकवरून किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवरून आलेली झिप घेण्याची इच्छा होते. ती घेतलीत तर याच कारणाने मला काळजी वाटेल.

तुमच्या प्रोग्रॅमच्या रेपोत सीमेक या बिल्डच्या साधनाची फाइल आहे असं दिसतं, म्हणून आणखी एक शक्यता तपासा. बिल्ड चालू असताना तो आणखी काही डाउनलोड करतो का? सीमेकचं ‘फेचकंटेंट’, पायथनचं पिप, एनपीएम, हे गुपचूप बाहेर जातात. डेबियनच्या मुख्य विभागात बिल्डदरम्यान नेटवर्कला हात लावायला धोरणानेच मनाई आहे. तपासायचं सोपं: घरच्या यंत्रावर ‘अनशेअर’ने नेटवर्क तोडून बिल्ड चालवा. जिथे थांबेल तिथे लपलेलं अवलंबित्व आहे. ते डेबियनमध्ये आधीच पॅकेज असेल तर तेच वापरायला लावणारा पॅच (कोडमधला छोटा बदल) द्या. नसेल तर दुसरी टारबॉल म्हणून सोबत जोडा.

मूळ साइट मेलेली असेल तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण भाषेच्या साधनांच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर येतो. गुगल कोड ही सोर्स ठेवण्याची सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. तशाच बिटबकेट या सेवेने २०२० साली मर्क्युरियल या गिटसारख्या साधनाचे रेपो काढून टाकले, सॉफ्टवेअर हेरिटेजने ते वेळीच उतरवून घेतले म्हणून वाचले. सॉफ्टवेअर हेरिटेज २०१६ पासून इन्रिया या फ्रेंच संस्थेच्या आधाराने जगभरचा सोर्स साठवतंय. तिथून टार बनवून घेता येते, पण ती जुन्या रिलीजच्या टारशी बाइटन् बाइट जुळणार नाही, आतला मजकूर तेवढा जुळेल. डेबियनमध्ये पूर्वी कधी आलेलं असेल तर स्नॅपशॉट या जुन्या पॅकेजांच्या साठ्यात २००५ पासूनचं सापडतं. आणि कधी कधी साइट जिवंतच असते. पत्ता एफटीपीचा (फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीचा) असतो, आणि फायरफॉक्सने २०२१च्या जुलैत आणि क्रोमने त्याच वर्षी ऑक्टोबरात एफटीपी काढून टाकल्यामुळे ब्राउझर काही दाखवत नाही. डब्ल्यूगेटने बघा, मुकाट्याने येतं.

शेवटी पत्र. हे मी शेवटी लिहितोय, पण तुम्ही ते आजच पाठवा, कारण उत्तर यायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. संस्थेच्या सर्वसाधारण पत्त्यावर न पाठवता फाँटच्या माहितीत ज्या डिझायनरचं किंवा विभागाचं नाव असेल त्यांना पाठवा. तक्रारीचा सूर नको. फॉर्म का ठेवलाय हे समजून घ्या. बहुतेक ठिकाणी "किती लोकांनी घेतला" हा आकडा वार्षिक अहवालात द्यायचा असतो, आणि तो आकडा त्यांच्या पुढच्या अनुदानासाठी महत्त्वाचा असतो. तो त्यांच्याकडून काढून घेऊ नका. मी साधारण असं लिहितो:

"सर, आपला फाँट मी रोज वापरतो. तो डेबियनमध्ये यावा अशी इच्छा आहे, म्हणजे उबंटू वापरणाऱ्यांनाही तो सहज मिळेल. फॉर्म आहे तसाच राहू द्या. त्याशिवाय एक कायमचा पत्ता मिळाला तर सोय होईल, ज्यात फाइलच्या नावात आवृत्ती असेल आणि जुनी फाइल न बदलता नवी शेजारी ठेवली जाईल. डिझाइनच्या मूळ फाइलीही देता आल्या तर दुरुस्त्या आम्ही आपल्याकडेच पाठवू. वापर किती होतोय याचा अंदाज हवा असल्यास डेबियनच्या पॉपकॉनचे आकडे दरवर्षी कळवेन."

पॉपकॉन हा डेबियनमधल्या पॅकेजांचा वापर मोजणारा उपक्रम स्वेच्छेने पाठवलेल्या माहितीवर चालतो, त्यामुळे आकडा खऱ्या वापरापेक्षा कमी असतो, हेही प्रामाणिकपणे सांगा. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. आपल्याकडे ई-मेलपेक्षा फोनने कामं होतात, आणि मराठीत बोललात तर समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो. तोपर्यंत हातातली झिप वापरून पॅकेज तयार करायला हरकत नाही. ‘रीडमी सोर्स’मध्ये तारीख, फॉर्मचा पत्ता, झिपचा एसएचए-२५६, काय वगळलं, आणि "पत्र अमुक तारखेला पाठवलं, उत्तराची वाट पाहत आहे" एवढं लिहा. आयटीपीचा (हे पॅकेज मी करणार, अशा सूचनेचा) बग डेबियनमध्ये नोंदवला की त्याचा क्रमांक इथे द्या. टीटीएफच्या नावांचा तक्ता आणि तुमची वॉच फाइल मी बघून देईन.